येते, गुरुवारी साडेचारला

हेर विगांड गाडीत बसून चाळीस मिनिटं माझी वाट बघत राहिले, आणि मी तेव्हा माझ्या खोलीवर कुकर लावत होते.

हे मला कळलं दुसऱ्या तासाच्या दिवशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात त्यांची करडी गाडी उभी होती आणि गाडीला पाठ लावून ते. सदुसष्ट वर्षांचा उंच, वाळका माणूस, चौकड्यांच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं.

"फ्राऊ मगदूम, सोमवारी तास संपल्यावर तुम्ही कुठे गेलात?"

"घरी."

"घरी! आणि जाताना मला काय सांगितलंत?"

मी आठवून बघितलं. बेकरीसमोर उतरले होते. मग खिडकीत वाकून, चांगल्या घरच्या बाईसारखं हसून म्हटलं होतं, "इश कोमं."

"बरोबर. इश कोमं. मी येते." त्यांनी एकेक शब्द सुटा केला. "मला वाटलं, पाव घ्यायला गेली असेल. पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. मग आत जाऊन बघितलं. मग बेकरीवाल्या बाईला संडासात बघून यायला लावलं, म्हटलं चक्कर येऊन पडली की काय! पुढचा विद्यार्थी तिकडे पलीकडच्या गावात उभा. तुम्ही आलाच नाहीत."

माझे कान तापले. जर्मन भाषेच्या तीन परीक्षा मी पास झाले होते. पोट किती दिवसांपासून साफ नाही, हे मी पेशंटला तीन प्रकारे विचारू शकत होते. पण निघताना काय म्हणायचं ते माझ्या तोंडाला जयसिंगपुरात शिकवलेलं होतं, आणि ते काही परीक्षा देऊन पुसलं गेलं नव्हतं.

"आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत," मी सांगितलं. "'येते' म्हणतात."

"कुठे येता?"

"कुठे नाही. जायचंच असतं. पण म्हणायचं 'येते'."

"आणि खरंच परत येणार असलात, तर काय म्हणता?"

"तेव्हाही 'येते'च."

ते माझ्याकडे बघत राहिले. जर्मन माणूस असा बघत राहिला की समजावं, तो तुमच्यावर चिडलेला नाही, तुमचं वाक्य दुरुस्त कसं करावं याचा विचार करतोय.

"मग 'जाते' कोण म्हणतं?"

"कुणीच नाही. मेलेल्या माणसाला 'गेला' म्हणतात. जिवंत माणसानं निघताना स्वतःच्या तोंडानं 'जाते' म्हणायचं नसतं."

यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून माझ्यासाठी धरलं.

"ठीक आहे. म्हणत जा. पण इथे नुसतं 'येते' म्हणून भागत नाही. कधी येते, ते सांगायचं. वान?"

'वान' म्हणजे 'कधी'. मला संक्रांतीचं वाण आठवलं आणि हसू आलं, ते दाबून मी म्हटलं, "गुरुवारी साडेचारला."

"हं. बसा आता. आरसे."

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. तास संपला की मी खिडकीत वाकून म्हणायचे, "इश कोमं." ते समोर बघत विचारायचे, "वान?" मी वार आणि वेळ सांगायचे. ते वहीत लिहून घ्यायचे. आधीच लिहिलेलं असलं तरी पुन्हा त्यावर पेन फिरवायचे.

फोनवर आईला हे सांगितलं, तर तिचं घोडं भलतीकडेच अडलं.

"हेर? कसला हेर म्हणं? पोलिसाचा मानूस हाय काय त्यो?"

"नाही गं. हेर म्हणजे आपल्याकडं श्री म्हणतात तसं. गाडी शिकवतात ते."

"मग मास्तर म्हण की नीट. हेर काय हेर! शेजारीपाजारी ऐकलं तर काय म्हंतील?"

"बरं, मास्तर. चंदना कुठाय?"

"इथंच हाय, माझ्या पायाशी. पन बोलत न्हाई म्हंती."

चंदना माझी मुलगी. मी निघाले तेव्हा ती साडेचार वर्षांची होती, आता सात पूर्ण व्हायला आली होती. तिचा बाप ती दीड वर्षाची असतानाच वेगळा झाला, त्याच्याबद्दल एवढंच पुरे. जर्मनीतलं पहिलं वर्ष माझं भाषेच्या आणि नर्सिंगच्या परीक्षांत गेलं, दुसऱ्या वर्षी नवी नोकरी आणि तिचं प्रोबेशन, त्यामुळे रजा अशी मिळालीच नाही. पहिले सहा महिने चंदना फोनवर रडायची. मग एक दिवस रडायची थांबली आणि बोलायचीही. ती रडायची ते बरं होतं.

कासेलजवळच्या त्या छोट्या गावात मी घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या एका संस्थेत लागले होते. कुणाला इन्सुलिन, कुणाची मलमपट्टी, कुणाला आंघोळ. सकाळच्या पाळीत चौदा घरं, डोंगरभर पसरलेली. गाडीशिवाय ते काम होणं शक्य नव्हतं. तोवर दुसऱ्या एका नर्सच्या गाडीत मागे बसून मी तिच्याबरोबर हिंडत होते, पण असं किती दिवस चालणार? संस्थेनं स्वच्छ सांगितलं होतं : ऑक्टोबर संपायच्या आत लायसन्स आणा, की नोकरी कायम, आणि संस्थेच्याच इमारतीत दोन खोल्यांचं घर. कायम नोकरीचं पत्र आणि घराचा करार, हे दोन कागद जोडले की चंदनाच्या व्हिसाचा अर्ज करता येत होता. लायसन्स नाही, तर पुन्हा वृद्धाश्रमातली नोकरी आणि तिथली एका पलंगाची खोली, जिथे मूल ठेवायला परवानगी नव्हती. म्हणजे माझी लेक एका क्लच आणि ब्रेकवर टांगलेली होती, आणि मी जन्मात माझ्या भावाच्या, भूपालदादाच्या स्कूटीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

शिकताना मी काय काय केलं ते सगळं सांगत बसले तर माझीच अब्रू जाईल. सायकलवाल्या म्हाताऱ्याला मागून आपुलकीनं हॉर्न दिला, म्हटलं कळू दे बिचाऱ्याला मी आहे म्हणून. तो उतरून उभा राहिला आणि हेर विगांडनी काच खाली करून त्याची माफी मागितली. "इथे हॉर्न म्हणजे शिवी," त्यांनी मला सांगितलं. चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे मी शिकले, आणि मग डावीकडून येणाऱ्यालाही जाऊ द्यायला लागले, कारण तो तरी कशाला ताटकळत राहील!

हे सगळं हळूहळू सुधारलं. एक गोष्ट मात्र काही केल्या सुधारेना. गाडी हलवायच्या आधी, वळायच्या आधी, रस्त्याच्या कडेला मागे घेऊन लावायच्या आधी, तिकडे नुसतं आरशात बघून चालत नाही. मान वळवून, खांद्यावरून, प्रत्यक्ष मागे बघावं लागतं.

"मागे, फ्राऊ मगदूम!"

"बघितलं की."

"आरशात बघितलंत. मान वळली नाही. मान दुखते का?"

"नाही."

"मग?"

बोलण्यासारखं काय होतं? मान जागची हलत नव्हती, हे खरं. मी स्वतःला पन्नास वेळा बजावायचे आणि ऐन वेळी डोळे आरशाकडे जायचे, मान सरळ. पेशंटला उताणं वळवणारे माझे हात, पण स्वतःची मान मला वळवता येत नव्हती.

पहिल्या परीक्षेत उजवीकडे वळताना मी असंच आरशात बघून वळले आणि आरशात न दिसणारी एक सायकल अगदी बाजूला आली. हेर विगांडनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. मास्तरांनी ब्रेकला पाय लावला की परीक्षा तिथेच संपते. दुसऱ्या परीक्षेत दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायची होती. मी मागे न बघता मागे घेतली, आणि मागचं चाक फुटपाथवर चढलं. एक आजीबाई पिशवी घेऊन तिथून चालल्या होत्या, त्या भिंतीला चिकटल्या. मागच्या सीटवरच्या परीक्षक बाईंनी हातातला कागद दुमडला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

परीक्षक बाई उतरून गेल्या. आम्ही दोघं गाडीत बसून होतो. ऑक्टोबरची आठ तारीख होती. पुन्हा परीक्षा द्यायला दोन आठवडे थांबावं लागणार होतं, म्हणजे फार तर अजून एक संधी होती, आणि तीही माझ्या त्याच मानेनिशी.

मी पर्स घेतली. उतरले. खिडकीत वाकले आणि म्हटलं, "इश गेहं."

मी जाते. व्याकरणात एक चूक नाही, उच्चारही चांगला झाला. दोन वर्षांत एवढं शुद्ध जर्मन वाक्य माझ्या तोंडून निघालं नसेल. हेर विगांडनी 'वान' विचारलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी बस स्टॉपच्या दिशेनं चालायला लागले.

संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, "मी परत यायचं म्हणते. नाही जमत मला."

आई म्हणाली, "ये की. आपलं घर हाय. कोन काय म्हनत न्हाई." आणि जरा थांबून, "पन पोरीला सांगू काय, येतीस म्हणून? का तू आल्यावरच कळंल म्हणू?"

"आत्ता नको सांगू," मी म्हटलं. ती दुसऱ्यांदा फसायला नको होती.

गुरुवारचा तास मी बुडवला. नेहमी कामावरून सुटून साडेचारला ड्रायव्हिंग स्कूलला जायचे, त्या दिवशी सरळ खोलीवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. शुक्रवारी दुपारी शेवटच्या पेशंटचं इन्सुलिन देऊन बाहेर आले, तर समोर करडी गाडी. छपरावर 'ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी. हेर विगांड ड्रायव्हरच्या शेजारच्या, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसलेले. ड्रायव्हरची सीट रिकामी.

मी खिडकीशी गेले. त्यांनी घड्याळ दाखवलं.

"काल साडेचार ते पाच वाजून दहा मिनिटं. पुन्हा चाळीस मिनिटं."

"पण मी सांगितलं होतं तुम्हाला. या वेळी सांगितलं होतं. मी जाते म्हटलं."

"ऐकलं मी." त्यांनी हातातली वही मिटली. "चौतीस वर्षं शिकवतोय. तुमच्या जर्मनमधे पुष्कळ चुका असतात, फ्राऊ मगदूम. मला वाटलं, ही त्यातलीच एक असेल."

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, पेशंटच्या दारात, युनिफॉर्मवर. त्यांनी काही केलं नाही, नुसतं पुढचं दार आतून ढकलून उघडलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि जे आईपाशीही कधी बोलले नव्हते ते त्या परक्या माणसाला सांगितलं, माझ्या चुकांच्या जर्मनमधे.

"मी निघाले त्या दिवशी दुपारी माझ्या भावानं तिला रस प्यायला नेलं. उसाचा रस. कोपऱ्यावर दुकान आहे, रसवंती म्हणतात. आम्ही ठरवूनच नेलं तिला. ती रडेल, पायाला मिठी मारेल, मग निघवणार नाही, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. माझंही. ती नवी चप्पल घालून मला टाटा करून गेली. तिला वाटलं, रस पिऊन घरी येऊ तेव्हा आई असेलच."

हेर विगांड समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते.

"मग रिक्षा आली. मी सगळ्यांना 'येते' म्हटलं. आईला म्हटलं, शेजारच्या काकूंना म्हटलं, गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा म्हटलं. तिला तेवढं म्हटलं नाही. रिक्षा त्या रसाच्या दुकानावरूनच गेली. मला माहीत होतं ती उजव्या हाताला बाकावर बसलेली असणार. मी मान वळवली नाही. वळवली असती तर उतरले असते."

रस्त्यावरून एक बाई बाबागाडी ढकलत गेली.

"म्हणून सगळ्यांना सांगता," ते म्हणाले.

"काय?"

"इश कोमं. बेकरीवाली म्हणते, तुमची ती बाई पाव घेऊन निघाली की रोज मला 'येते' म्हणते. बसचा ड्रायव्हरही म्हणाला."

मी डोळे पुसले. इतके दिवस मला वाटत होतं की ती नुसती जुनी सवय आहे.

"सायकलवाला आरशात दिसत नाही, फ्राऊ मगदूम," ते म्हणाले, अगदी तासाला म्हणायचे त्याच आवाजात. "मूलही दिसत नाही, उंचीला लहान असतं. मान वळवली तरच दिसतं. आता गाडी सुरू करा. आज तास नाही, मी पैसे लावणार नाही. त्या निळ्या गाडीच्या मागे जागा आहे, तिथे मागे घेऊन लावा. होईपर्यंत लावत राहा."

त्या दुपारी मी ती गाडी बावीस वेळा लावली. पहिल्या आठ वेळा त्यांनी "मागे!" म्हटलं, नवव्या वेळेपासून म्हणावं लागलं नाही. निघताना मी खिडकीत वाकले आणि बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"नीट म्हणा."

"इश कोमं."

"वान?"

"सोमवारी साडेचारला."

सत्तावीस ऑक्टोबरला तिसरी परीक्षा झाली. त्याच परीक्षक बाई. बेकरीसमोरच, एका व्हॅनच्या आणि एका लाल गाडीच्या मधे, त्यांनी मला गाडी लावायला सांगितली. मी आरशात बघितलं, मग मान वळवली. मानेचं हाड कटकन वाजलं ते सगळ्यांना ऐकू गेलं असेल. मागच्या काचेतून रिकामा फुटपाथ दिसला, बेकरीची पाटी दिसली. गाडी पहिल्या झटक्यात बसली. परीक्षक बाईंनी पुढे वाकून लायसन्सचं कार्ड माझ्या हातात दिलं तेव्हा हेर विगांड खिडकीतून बाहेर बघत होते आणि रुमालानं चष्मा पुसत होते. चष्मा चांगला स्वच्छ होता.

बाई गेल्यावर आम्ही दोघं खाली उतरलो. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, हे मला बेकरीवालीकडून कळलं होतं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. आता मला त्यांच्याकडे यायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून काय म्हणावं ते मला सुचेना. त्यांनाही सुचत नसावं. शेवटी हात पुढे करून त्यांनी माझा हात हलवला आणि म्हणाले, "इश कोमं."

मला हसू आलं. मी विचारलं, "वान?"

त्यांनी सवयीनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मुलगी येईल त्या दिवशी," ते म्हणाले. "तारीख कळवा."

कागद हलायला पाच महिने लागले. एप्रिलच्या एका शनिवारी फ्रँकफर्टच्या विमानतळावर चंदना यायची होती, विमान कंपनीच्या बाईच्या सोबतीनं. मी संस्थेची छोटी पांढरी गाडी मागून घेतली होती. सकाळी सातला खाली उतरले, तर दारात हेर विगांड उभे. चौकड्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, आणि काखेत लहान मुलांची गाडीत ठेवायची सीट, नातवंडांची जुनी, पण कव्हर धुऊन इस्त्री केलेलं. ती त्यांनी मागे बसवली, तीनदा ओढून बघितली आणि माझ्या शेजारी बसले. दोन तासांच्या रस्त्यात मला एक शब्दही शिकवला नाही. पण त्यांच्या बाजूला या गाडीत ब्रेक नव्हता हे त्यांच्या उजव्या पायाला समजलं नव्हतं. ट्रक जवळ आला की तो पाय गाडीच्या तळाशी दाबला जायचा.

चंदना गळ्यात नावाचं कार्ड अडकवून बाहेर आली. उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते. मी खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, पण तिचे हात खालीच राहिले. गाडीत तिनं एकदाच तोंड उघडलं, माझ्याकडे न बघता, "आजीनं लाडू दिल्यात," एवढंच सांगायला. बाकीचे दोन तास ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मी मधल्या आरशातून तिला. सारखं बघता येत नव्हतं, मास्तर शेजारी बसले होते.

आमच्या इमारतीच्या दारात गाडी ठेवायला मनाई होती. बॅगा उतरवल्या, चंदनाला उतरवलं. हेर विगांड तिच्याजवळ उभे राहिले. मी पुन्हा गाडीत बसता बसता म्हटलं, "इथंच थांब हं आजोबांजवळ. मी गाडी लावून येते."

तिनं माझी ओढणी पकडली. दोन्ही मुठींत, घट्ट.

"तवा तू म्हणलीच न्हवतीस," ती म्हणाली.

काय, ते विचारायची मला गरज नव्हती. दोन वर्षं आणि नऊ महिने ती ते धरून बसली होती. "नव्हते म्हटलं," मी म्हटलं. "माझं चुकलं, बाळा. आता म्हणते. येते."

ती ओढणी सोडेना. शब्दावर तिचा विश्वास बसत नव्हता, आणि तिचं खरंच होतं. तेव्हा हेर विगांड गुडघ्यांवर हात टेकून सावकाश खाली बसले. आमच्या बोलण्यातला त्यांना एकच शब्द कळला असणार, 'येते', तो मी त्यांना शिकवला होता. त्यांनी चंदनाच्या डोळ्यांसमोर मनगट धरलं, घड्याळावर बोटानं टकटक केलं, आणि माझ्याकडे बघत तिला म्हणाले, "वान?"

चंदनानं घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. शब्द तिच्या ओळखीचा नव्हता, पण प्रश्न तिचाच होता.

"कधी?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटांत."

मी जर्मनमधे तेच हेर विगांडना सांगितलं. त्यांनी घड्याळ मनगटावरून सोडून चंदनाच्या हातात दिलं आणि मोठा काटा कुठे येईल ते नखानं काचेवर दाखवलं. तिनं एक मूठ सोडली, मग दुसरी. घड्याळ तिनं दोन्ही हातांत धरलं.

गल्लीच्या टोकाला दोन गाड्यांच्या मधे एक जागा होती, बेकरीसमोरच्या जागेहून लहान. मी पुढे गेले, रिव्हर्स टाकला, आरशात बघितलं. मग मान वळवली. मागच्या काचेतून सबंध गल्ली दिसत होती. टोकाला दोन बॅगा, एक उंच म्हातारा माणूस, आणि त्याच्या कमरेइतकी माझी मुलगी, मान खाली घालून हातातल्या घड्याळात बघत असलेली. डोळ्यांत पाणी आलं तरी मी मान तशीच ठेवली आणि गाडी मागे घेतली. एकदाच घ्यावी लागली.

परत येताना मी पळत आले. चंदनानं वर बघितलं, पुन्हा घड्याळात बघितलं.

"चारच मिनिटं झाली," ती म्हणाली.

मग उरलेलं एक मिनिट आम्ही तिघंही तिथंच, बॅगांशेजारी, उभे राहिलो. काटा नखाच्या खुणेवर आल्यावर तिनं घड्याळ हेर विगांडना परत दिलं आणि माझा हात धरला.